शिडाच्या बोटीवरचे जुने स्पीड आणि डेप्थ मीटर: डिस्प्ले बदलू की तळातले सेन्सर?

रायबंदर_मूरिंग

नमस्कार मंडळी,

बोट २४ फुटी, फायबरग्लासची, फिन कील (तळाखालचा पंखासारखा वजनदार भाग), ड्राफ्ट (पाण्याखाली जाणारी खोली) १.२० मीटर. मांडवीत रायबंदरसमोर मूरिंगवर, म्हणजे कायम नांगरलेल्या बोयाला बांधलेली असते. कॉकपिटच्या पुढच्या भिंतीत रेमरीनचे दोन एसटी६० डिस्प्ले बसवलेले आहेत, एक स्पीडचा आणि एक डेप्थचा. दोन्ही वीस वर्षांच्या पुढचे. तळात दोन वेगवेगळे प्लॅस्टिकचे थ्रू-हल (तळातून आरपार जाणाऱ्या नळ्या) आहेत. कीलच्या साधारण अर्धा मीटर पुढे, मध्यरेषेच्या उजवीकडे पॅडलव्हील (पाण्याने फिरणारं वेग मोजायचं छोटं चाक) आणि डावीकडे डेप्थचा ट्रान्सड्यूसर (आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारा सेन्सर). तळ भरीव लॅमिनेटचा आहे, मध्ये फोम किंवा बाल्सा नाही. जाडी ९ मि.मी.

तक्रारी अशा. स्पीड कायम ०.०, मग बोट चार नॉटने जात असली तरी. डेप्थ मूरिंगवर तीन मीटरच्या पाण्यात बरोबर दाखवतो, पण आग्वादच्या बाहेर सहा-सात मीटर लागले की आकडा लुकलुकतो आणि मग नुसत्या रेघा येतात. दोन्ही डिस्प्लेंवर काळे डाग पसरलेत, उन्हात अर्धा आकडा वाचता येत नाही.

मे महिन्यात बोट वर घ्यायची आहे, तेव्हाच हे काम उरकायचं म्हणतो. फक्त डिस्प्ले बदलून भागेल का? की स्पीड, डेप्थ आणि तापमान एकत्र असलेला नवा सेन्सर एकाच छिद्रात बसवून दुसरं छिद्र बुजवावं? बोटीवर एसटी२००० टिलर पायलटही (सुकाणू आपोआप धरणारं यंत्र) आहे, त्याचं काही बिघडेल का?

खाडीवाला

काहीही मागवण्याआधी बिघाड कुठे आहे ते ठरवा. तुमच्या वर्णनावरून तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात, आणि त्यातल्या एकीवर बहुतेक खर्चच नाही.

आधी स्पीड. मांडवीत मूरिंगवर असलेल्या बोटीचा स्पीड ०.० झाला की पहिला संशय चाकावर घ्यायचा. पॅडलव्हील ज्या खोबणीत फिरतं तिच्या मागच्या भिंतीवर मोहरीएवढं बार्नकल (चिकटून बसणारा कवचधारी जीव) बसलं तरी चाक अडकतं, आणि तरंगत्या बोटीत ते वरून दिसत नाही. इन्सर्ट (चाकासकट वर ओढून काढता येणारा आतला भाग) बाहेर काढा. त्याआधी ब्लँकिंग प्लग (इन्सर्टच्या जागी बसणारं बूच) हातात घ्या, त्याच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, आणि कोणत्या बाजूने आत जातो ते कोरड्यात एकदा बसवून बघा. पाण्याच्या पातळीखाली ४० सें.मी. असलेल्या अशा छिद्रातून सेकंदाला अडीच-तीन लिटर पाणी येतं. प्लग तीन सेकंदांत बसला तर बादलीभर पाणी बिल्जमध्ये (बोटीच्या तळातल्या पोकळीत), शोधत बसलात तर केबिन भिजली. एका हाताने इन्सर्ट वर, दुसऱ्या हाताने लगेच प्लग खाली.

चाक हातात आलं की साबणाच्या पाण्यात भिजवा आणि भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने साफ करा. बार्नकलचा पांढरा तळ चिकटून राहिला तर २२० किंवा त्याहून बारीक वॉटरपेपर पाण्यासोबत हळू फिरवा. ॲसिटोन, थिनर, पेट्रोल यांतलं काही लावू नका, प्लॅस्टिक त्याने चिरतं. मग चाकाची दांडी ओढून काढा आणि चाकाचं भोक उजेडात धरा. भोक गोल न राहता लांबट झालं असेल तर चाक डुगडुगतं आणि कमी वेगात मध्येच थांबतं. चाक आणि दांडी यांचा जोड सुटा मिळतो. अख्खा सेन्सर टाकायची गरज नसते.

आता मल्टिमीटर. एसटी६० च्या पाठीमागे पाच तारा दिसतील. लाल आणि उघडी शील्ड या वीजपुरवठ्याच्या, हिरवी सिग्नलची, पांढरी आणि तपकिरी तापमानाच्या. डिस्प्ले चालू ठेवून लाल आणि शील्ड यांच्यामध्ये सुमारे ५ व्होल्ट यायला हवेत. ते आले तर मीटर हिरवी आणि शील्डवर लावा आणि चाक बोटाने अगदी सावकाश फिरवा. आकडा शून्याजवळून पाचाजवळ आणि परत, अशा उड्या मारायला हव्यात. उड्या आहेत आणि तरी पडद्यावर ०.० असेल तर दोष डिस्प्लेत. लाल तारेवर व्होल्टेज आहे पण उड्या नाहीत, तर चाकातले चुंबक किंवा ते ओळखणारा आतला हॉल सेन्सर गेला. व्होल्टेजच नसेल तर आधी पाठीमागच्या त्या चपट्या टर्मिनलांवर चढलेला हिरवा कळंक बघा. आपल्याकडच्या दमट हवेत निम्मे बिघाड तिथेच असतात.

डेप्थचं लक्षण निराळं आहे. उथळ पाण्यात बरोबर आणि खोलात गायब, याचा अर्थ आकडा काढणारं इलेक्ट्रॉनिक्स जिवंत आहे, पण तळावर आदळून परत येणारा आवाज कमी पडतोय. कारणं तीनच. ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर शिंपले किंवा अँटिफाउलिंगचे थरावर थर, टर्मिनलवर कळंक, नाहीतर आतलं सिरॅमिक म्हातारं झालंय. पहिली दोन फुकटात सुटतात. बोट वर आली की तोंडावरचा रंग पूर्ण उतरवा आणि मग निर्णय घ्या.

डिस्प्लेवरचे काळे डाग मात्र सुधारत नाहीत. तो एलसीडी फुटत चाललाय, आज ना उद्या बदलावाच लागेल.

नाळ_ते_सुकाणू

खाडीवाल्यांच्या तपासणीत सेन्सर चांगले निघाले तर सोपी वाट आहे. रेमरीनच्या आय५० स्पीड आणि आय५० डेप्थ या डिस्प्लेंना एसटी६० चेच सेन्सर चालतात आणि ते त्याच ९० मि.मी. च्या गोल छिद्रात बसतात. भिंत कापायला नको, तळाला हात लावायला नको. गॅस्केट नवं घाला, टर्मिनल बदला, संपलं काम.

सेन्सर बदलायची वेळ आलीच तर तुम्ही म्हणता तसा एकत्र सेन्सर विचारात घ्या. एअरमारचा डीएसटी८१० याच जातीचा आहे. स्पीड, डेप्थ, तापमान तिन्ही एकात, वर ब्लूटूथ, आणि एनएमईए २००० (बोटीवरची उपकरणं एकमेकांना जोडणारं डिजिटल जाळं) ची केबल सोबत. त्याला ५१ मि.मी. चं छिद्र लागतं. त्याचा डेप्थचा झोत पंख्यासारखा आहे, नाळेकडून (बोटीच्या पुढच्या टोकाकडून) मागच्या दिशेने १० अंश आणि आडवा ४४ अंश. म्हणून शिडाची बोट वीस अंश कलली तरी झोताची एक कड खाली तळापर्यंत पोचते. गोल अरुंद झोताच्या जुन्या ट्रान्सड्यूसरला हेच जमत नाही.

तुमच्या स्पीडच्या छिद्राचा व्यास बोट वर आल्यावर बाहेरून मोजा. ५१ असेल तरी जुन्या हाउसिंगमध्ये (तळात पक्क्या बसलेल्या नळीत) नवा इन्सर्ट बसेल असं धरून चालू नका, आणि बसला तरी वीस वर्षांचं प्लॅस्टिक पाण्याखाली ठेवून वर नवा महागडा सेन्सर लावणं मला पटत नाही. हाउसिंगच बदला. तुमच्या भरीव फायबरग्लासला प्लॅस्टिक किंवा कांस्य दोन्ही चालतं. लाकडी होडी असती तर प्लॅस्टिक नको म्हटलं असतं, कारण लाकूड फुगलं की प्लॅस्टिक तडकतं. झडपेचं हाउसिंग घ्या. इन्सर्ट काढताना झडप आपोआप पडते आणि येणारं पाणी खूप कमी होतं.

जुनं हाउसिंग पाना लावून आतून सोडवायचा प्रयत्न सहसा फसतो, नट गच्च असतो आणि खाली सीलंट. नटला दोन ठिकाणी करवतीच्या पात्याने चीर द्या, छिन्नीने फोडा, मग बाहेरची कॉलर ग्राइंडरने घासून टाका आणि उरलेला नळ लाकडी ठोकळ्याने आतून बाहेर ठोका. ग्राइंडर लॅमिनेटला लागू देऊ नका. छिद्र जरा मोठं करायचं असेल तर होल-सॉला मध्याचा आधार मिळत नाही आणि तो भरकटतो. १२ मि.मी. प्लायला ५१ चं भोक पाडून तो तुकडा तळाला बाहेरून टेप आणि पाचर लावून घट्ट धरा. तेच मार्गदर्शक.

सीलंट पाण्याखाली चालणारं पॉलियुरेथेन घ्या, सिकाफ्लेक्स २९१ आय सारखं. खिडकीचं सिलिकॉन इथे नको. कॉलरच्या आतल्या बाजूला आणि आट्यांवर सगळीकडे सलग थर द्या, खालून वर सारा, वर नट हातानेच आवळा. मग इन्सर्टवरचा बाण नाळेकडे, कीलला समांतर आहे ना ते दोरी धरून बघा. बाण पाच अंश वाकडा राहिला तर एका टॅकवर (वारा एका बाजूने घेऊन जाताना) वेग जास्त आणि दुसऱ्यावर कमी दिसत राहतो, आणि पुढे कितीही कॅलिब्रेशन केलं तरी ते जात नाही.

नट पान्याने कचकचून आवळू नका. त्याने सीलंट सगळं बाहेर पिळून निघतं आणि प्लॅस्टिकला केसाएवढी चीर पडते. ती चीर कामाच्या दिवशी दिसत नाही.

बेतूल_डोलकाठी

वरच्या एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. गोव्याच्या नद्यांत डेप्थ आणि स्पीड एकाच इन्सर्टमध्ये घालू नयेत.

आग्वादचा बार (नदीमुखातला वाळूचा पट्टा) असो, साळ नदीचं बेतूलचं तोंड असो की शापोऱ्याचं, वाळू दर पावसाळ्यात सरकते. मागच्या हंगामातली वाट या हंगामात खात्रीची नसते. इथे वेग कळला नाही तर जीपीएसवरून काम भागतं, खोली कळली नाही तर भागत नाही. आणि पॅडलव्हील साफ ठेवायचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे मूरिंगवर इन्सर्ट काढून प्लग लावून ठेवणं. एकत्र सेन्सर असेल तर त्यासोबत डेप्थही बाहेर येतो. नांगरावर रात्री सुकती किती खाली जातेय ते बघायचं असतं, त्या वेळी तो लॉकरमध्ये पडलेला असणार. शिवाय एक केबल गेली की दोन्ही आकडे गेले.

तुमचा तळ भरीव आहे हे मोठं भाग्य. डेप्थ आतून लावा. एअरमारचा पी७९ तळाला आतल्या बाजूने चिकटवायचा असतो, छिद्र अजिबात नाही. त्याचा पाया तळाला पक्का होतो आणि वरचा भाग तळाच्या उताराप्रमाणे ० ते २२ अंशांत फिरवून उभा करता येतो. आत विषारी नसलेलं प्रॉपिलीन ग्लायकॉल भरायचं. आवाज थोडा लॅमिनेटमध्ये मुरतो, त्यामुळे कमाल खोली घटते. पण आपल्याला काम दोन ते तीस मीटरमध्ये आहे, तिथे काही अडत नाही.

जागा चिकटवण्याआधी तपासून घ्या, कारण लॅमिनेटमध्ये कुठे हवेचा बुडबुडा अडकलाय ते डोळ्याला दिसत नाही. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी भरा, ट्रान्सड्यूसर तिच्यात बुडवा, हवा काढून टाका, बिल्जमध्ये थोडं पाणी शिंपडून पिशवी तळावर दाबा. बोट पाण्यात असतानाच हे करायचं. त्याच वेळी वजन बांधलेली दोरी सोडून खोली मोजा. आकडा जुळला आणि स्थिर राहिला तर त्या जागेवर पेन्सिलने खूण करा. आकडा उड्या मारत असेल तर दहा सें.मी. सरका. कीलच्या बोल्टांपासून आणि इंजिनापासून दूर राहा. खूण झाली की तिथला रंग पूर्ण खरवडून लॅमिनेट उघडं करा, मगच पाया इपॉक्सीने बसवा.

रायबंदर_मूरिंग

सगळ्यांचे आभार. इन्सर्ट काढून बघितला. चाकाच्या मागे खरोखरच दोन बार्नकल होते, पण साफ करूनही हिरव्या तारेवर उड्या नाहीत, लाल तारेवर ४.९ व्होल्ट आहेत. म्हणजे स्पीड सेन्सर गेला. डेप्थचं तोंड बोट वर आल्याशिवाय कळणार नाही, पण बेतूल_डोलकाठी यांचा मुद्दा पटला. पिशवीची चाचणीही केली. पुढच्या बर्थखाली डाव्या बाजूला ३.४ मीटर स्थिर आला, दोरीवर पाण्याच्या पातळीपासून ३.८, म्हणजे फरक ट्रान्सड्यूसर पातळीखाली आहे तेवढाच.

आता ठरतंय ते असं. डेप्थ आतून, स्पीड जुन्या जागी नवा, डावीकडचं जुनं डेप्थचं छिद्र बुजवायचं. डिस्प्ले एकच, एनएमईए २००० चा, आणि त्यावर दोन्ही आकडे. छिद्र बुजवायचं काम पावसाळ्यात, जून-जुलैत सावकाश केलं तर चालेल ना? आणि वायरिंग कुणी समजावेल का?

कळंक_आणि_करवत

छिद्राचं मी सांगतो. जूनमध्ये करू नका. बोट मेच्या अखेरीस नको, मेच्या सुरुवातीला वर घ्या. गोव्यात पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, आणि तुम्हाला तळ वाळायला निदान दोन आठवडे हवेत. छिद्राची कड ही लॅमिनेटची उघडी कड आहे, वीस वर्षं सीलंटखाली ओल पिऊन बसलेली. वाळलंय का ते बघायला फूटभर पारदर्शक प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेप लावून त्या जागी चिकटवा आणि एक दिवस राहू द्या. आतून घाम दिसला तर थांबा.

९ मि.मी. जाडीला १२ पट उतार द्यायचा, म्हणजे छिद्राच्या कडेपासून चहूबाजूंना १०८ मि.मी. छिद्र ४५ चं धरलं तर बाहेरून एकूण २६१ मि.मी. व्यासाची बशी घासावी लागते. लोकांना हे फार वाटतं आणि ते तीन-चार सें.मी. वर थांबतात. नेमकी तीच बुच पुढे निघून येते. ठिगळाची पकड उतारावर ते किती चिकटतं यावरच असते. उतार जितका लांब तितकी पकड जास्त.

आतून प्लायची चकती पॅकिंग टेपने गुंडाळून टेकू लावून घट्ट बसवा, टेपला इपॉक्सी चिकटत नाही. कापड चौरस मीटरला ६०० ग्रॅमचं बायॲक्सियल (दोन दिशांना धागे असलेलं ग्लासकापड) घ्या. चॉप्ड स्ट्रँड मॅट नको, तिचा बाइंडर पॉलिएस्टरसाठी असतो, इपॉक्सीत नीट विरघळत नाही. ६०० ग्रॅमचा एक थर हाताने लावल्यावर पाऊण मि.मी. होतो, म्हणजे १२ थर. गोल तुकडे सर्वांत मोठ्यापासून लहानापर्यंत कापा आणि मोठा आधी लावा. शेवटी घासून सपाट करताना मग वरचा लहान तुकडा झिजतो, संपूर्ण उतार धरून बसलेला मोठा तुकडा शाबूत राहतो. कापड दीडशे ग्रॅमच्या आसपास लागतं, मिसळलेलं इपॉक्सी वाया जाणारं धरून अडीचशे ग्रॅम ठेवा.

मेमधल्या ३३-३४ अंशांत स्लो हार्डनरच वापरा आणि चार-चार थरांच्या तीन बैठका करा. बारा थर एकदम लावले तर मध्ये उष्णता कोंडून इपॉक्सी उकळतं, पिवळं पडतं आणि बुडबुडे धरतं. काम सकाळी दव वाळल्यावर सुरू करा. तळाचं तापमान दवबिंदूच्या निदान ३ अंश वर असायला हवं. जून-जुलैत ही अट पाळणं अवघड असतं आणि इथेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट पापुद्रा येतो. बोट फिरवलं की साबणासारखा लागतो. त्यावर पुढचा थर चिकटत नाही. थिनरने पुसला तर तो पसरतो, जात नाही. साधं पाणी आणि स्क्रबरने धुवा, फडक्याने कोरडं करा, मग ८० नंबरचा कागद. प्रत्येक बैठकीच्या आधी हे करायचंच.

या हंगामात वेळ नसेल तर जुना डेप्थ ट्रान्सड्यूसर तसाच ठेवा, केबल कापून टोक सील करा. पाणी झिरपत नसेल तर एक वर्ष तो नुसती बुच म्हणून राहू शकतो. घाईत भिजलेल्या लॅमिनेटवर केलेल्या ठिगळापेक्षा ते बरं.

खाडीवाला

वायरिंग. एनएमईए २००० म्हणजे एक कणा आणि त्याला फांद्या. तुमच्या २४ फुटांत कणा म्हणजे एकमेकांत पिळून जोडलेले तीन-चार टी-कनेक्टर, बस. दोन टोकांना दोन टर्मिनेटर, मधल्या एका टीला वीजपुरवठा, बाकीच्यांना डिस्प्ले आणि सेन्सर. फांदी ६ मीटरहून लांब नको. सेन्सरची मूळ केबल लांब पडते म्हणून कापून नवा कनेक्टर लावायच्या भानगडीत पडू नका, जास्तीची केबल मोठ्या वेटोळ्यात बर्थखाली बांधा. भिंतीतून नेताना कनेक्टर जाईल एवढं भोक पाडा.

पण एक नीट बघून घ्या. तुम्ही घेताय तो आतून बसवायचा ट्रान्सड्यूसर आणि नुसतं पॅडलव्हील, दोन्ही बहुधा ॲनलॉग असतील. ते थेट एनएमईए २००० च्या कण्याला लागत नाहीत, मध्ये ॲनलॉगचं डिजिटल करणारा डबा लागतो. मागवताना विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा. ट्रान्सड्यूसर किती किलोहर्ट्झचा आहे, आणि तो डबा किती किलोहर्ट्झचा आहे. ५० आणि २०० ची गल्लत झाली तर काहीच दिसत नाही. हा डबा नको असेल तर आय५० चे दोन डिस्प्ले घ्या, त्यांना ॲनलॉग तारा थेट पाठीमागे लागतात आणि भिंतीतली दोन्ही जुनी छिद्रं वापरात राहतात. तुमच्या बोटीला मी हेच सुचवेन. एकच डिस्प्ले घेतलात तर दुसऱ्या छिद्रावर ११० मि.मी. चौरस ॲक्रिलिकची पट्टी बसवावी लागेल.

ॲनलॉग डेप्थची केबल वाटेत साध्या वायरने जोडू नका. तिच्यातून पिंगचा मोठा पल्स जातो आणि परत येणारा प्रतिध्वनी अगदी क्षीण असतो. शील्ड तुटली की त्यात इंजिनाचा अल्टरनेटर आणि व्हीएचएफ रेडिओ दोन्ही ऐकू येतात. व्हीएचएफच्या केबलला समांतर नेऊ नका, ओलांडायची असेल तर काटकोनात.

पुरवठा पॅनलवरून स्वतंत्र ३ अँपिअरच्या फ्यूजने, दीड चौरस मि.मी. च्या टिन केलेल्या तारेने. साधी तांब्याची तार आपल्याकडे दोन पावसाळ्यांत इन्सुलेशनखाली काळी पडते, आणि कापून बघितली तर फूटभर आतपर्यंत काळीच निघते. क्रिंप केल्यावर आतून गोंद असलेली हीटश्रिंक. कणा केला असेल तर पुरवठा बंद करून कोणत्याही टीच्या दोन डेटा पिनांमध्ये ओहम मोजा. ६० आले की दोन्ही टर्मिनेटर आहेत. १२० आले तर एक हरवलाय.

टिलर पायलटची काळजी नको. एसटी२००० ला स्वतःचा होकायंत्र सेन्सर असतो, त्याला फक्त १२ व्होल्ट पुरतात. जुन्या सीटॉकची (रेमरीनची आधीची डेटा जोडणी) लाल-पिवळी-शील्ड केबल त्याला जोडलेली असेल आणि वाऱ्याचा किंवा जीपीएसचा डेटा त्यावरून जात असेल तरच कन्व्हर्टर लागेल. डिस्प्ले मात्र कॉकपिटमधल्या होकायंत्रापासून निदान २३ सें.मी. दूर ठेवा.

बेतूल_डोलकाठी

कॅलिब्रेशन राहिलं.

डेप्थला आधी ऑफसेट, म्हणजे मोजलेल्या आकड्यात करायची कायमची बेरीज किंवा वजाबाकी. तुमच्याच आकड्यांवरून, दोरीवर पाण्याच्या पातळीपासून ३.८ आणि ट्रान्सड्यूसरवर ३.४, म्हणजे ट्रान्सड्यूसर पातळीखाली ०.४ मीटर. ड्राफ्ट १.२०. कीलखालचं पाणी बघायचं असेल तर ऑफसेट उणे ०.८. एकूण खोली बघायची असेल तर अधिक ०.४. दोन्हीपैकी एकच निवडा आणि तो कोणता आहे ते डिस्प्लेखाली लेबल करून चिकटवा. बोटीवर दुसरं कुणी सुकाणू धरेल तेव्हा १.० या आकड्याचा अर्थ त्याला कळायला हवा.

नदीत मी कीलखालचं पाणी पसंत करतो. नकाशाशी ताडताना मात्र बेरीज करावी लागते. नकाशावर १.८ मीटर आणि त्या वेळची भरती १.३ मीटर, म्हणजे पाणी ३.१, कीलखाली १.९ दिसायला हवं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या कोष्टकात मुरगावची भरती मिळते, पण रायबंदरला पाणी मुरगावनंतर चढतं हे धरा. उधाणात सुकती आणि भरतीत सुमारे दोन मीटरचा फरक असतो, भांगाच्या दिवसांत बराच कमी.

एक बारकावा. बहुतेक डेप्थ मीटर आवाजाचा वेग सेकंदाला १५०० मीटर धरतात. आपल्या २९ अंशांच्या खाऱ्या पाण्यात तो १५४० च्या पुढे असतो, म्हणून ट्रान्सड्यूसरखाली ४ मीटर असतील तर मीटर साधारण ३.९ दाखवतो. चूक सुरक्षित बाजूची आहे, ऑफसेटमध्ये घोळवून ती काढू नका. पावसाळ्यात नदी गोडी झाली की ती आपोआप घटते.

स्पीडसाठी भांगाचा दिवस आणि भरतीचं थांबलेलं पाणी निवडा. वारा कमी, इंजिन एकाच आरपीएमवर, बोट सरळ, चाक त्याच सकाळी साफ केलेलं. अर्धा मैल एका दिशेला, वळून तेवढंच परत. जीपीएसचा वेग आणि मीटरचा वेग दोन्ही लिहून ठेवा. समजा जाताना जीपीएस ४.२, येताना ५.८, तर खरा वेग ५.०. मीटर दोन्ही वेळा ४.४ दाखवत असेल तर ५.० भागिले ४.४, म्हणजे १.१४ हा गुणक. सरासरी वेगांची काढायची, एकूण अंतराला एकूण वेळाने भागायचं नाही. तसं केलं तर उत्तर नेहमी कमी येतं, कारण प्रवाहाविरुद्ध बोट जास्त वेळ असते. पाणी पूर्ण थांबलेलं नसेल तर तीन फेऱ्या मारा आणि मधल्या फेरीला दुप्पट वजन द्या. पहिली अधिक दुसरीची दुप्पट अधिक तिसरी, भागिले चार.

कॅलिब्रेशननंतर चाकावर आणि त्याच्या खोबणीत अँटिफाउलिंग लावायचं असेल तर फक्त पाण्यावर आधारलेलं, पातळ एक हात. नेहमीच्या तळाच्या रंगातला सॉल्व्हंट प्लॅस्टिक खातो.

नाळ_ते_सुकाणू

बोट पाण्यात सोडायच्या दिवसाचं तेवढं सांगतो. रॅम्पवर बोट तरंगली की दोरखंड सोडू नका. तळपाटी उघडून हाउसिंगच्या नटभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळा आणि दहा मिनिटं बघा. थेंब बोटाला कळायच्या आधी कागदावर दिसतो. मग एकदा इन्सर्ट काढून प्लग, प्लग काढून इन्सर्ट, झडप पडते का ते बघा. ओ-रिंगवर वाळूचा कण असेल तर इथेच कळेल. तीन तासांनी परत कागद, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत. तोवर मूरिंगवर बोट एकटी सोडू नका. इन्सर्टची लॉक पिन आणि ब्लँकिंग प्लग दोन्हींना हाउसिंगलाच दोरी बांधून ठेवा, लॉकरमध्ये नको.

डेप्थच्या पी७९ मधलं ग्लायकॉल मात्र वर्षातून एकदा उघडून बघा. पातळी खाली गेली की वर हवा राहते, आणि डेप्थ पुन्हा तुमच्या जुन्यासारखाच वागायला लागतो: मूरिंगवर बरोबर, बाहेर रेघा.